सांग तुझ्या पप्पांना

माझे आईवडील दीड वर्ष एकमेकांशी बोलत नव्हते, आणि आमचं घर एका खोलीचं आहे. हे वाचून कुणाला हसू येईल. दुसऱ्या कुणाच्या घरातलं असतं तर मीही हसले असते.

खोली अंबरनाथ पूर्वेला, चाळीत. एका भिंतीला पलंग, समोरच्या भिंतीला ओटा, मधे सतरंजी आणि सतरंजीवर जीन्सचे गठ्ठे. उल्हासनगरच्या एका कारखान्यातल्या जीन्स पँटींचे सुटलेले धागे कापायचं काम आई घरी आणून करते. पप्पा आनंदनगर एमआयडीसीत बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कंपनीत मशीनवर आहेत. आम्ही तिघंच. ओट्यापाशी कुणी उसासा टाकला तर पलंगावर ऐकू येतो, एवढंच अंतर. तरीही आई मला म्हणायची, "सांग तुझ्या पप्पांना, जेवण झालंय." पप्पा चार फुटांवर मांडी घालून बसलेले असायचे. मी मान वळवून म्हणायचे, "पप्पा, जेवण झालंय." पप्पा म्हणायचे, "सांग तिला, वाढ म्हणावं." मी परत मान वळवायचे.

मी सांगितल्याशिवाय ताट हलायचं नाही. नियम कुणी केला ते माहीत नाही, पण पक्का होता. जे तुमच्याशी बोललेलं नाही ते तुम्ही ऐकलेलंच नाही.

हे मी रागाने लिहिते आहे, आधीच सांगते. लिहावं की नाही यात बरेच दिवस गेले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शिकून मुलीने काय केलं, तर घरातलं उघड्यावर मांडलं, असं कुणी म्हटलं तर मला उत्तर देता येणार नाही. पण न बोलण्याने आमचं काय झालं ते मी पाहिलं आहे.

अबोला आमच्याकडे नवा नव्हता. कधी चार दिवसांचा असायचा, कधी पंधरवड्याचा. निरोप पोचवायला मी अगदी लहान असल्यापासून लागले. हा मोठा अबोला सुरू झाला तो बदलापूरला, हेंद्रेपाड्यात, मावशीच्या मुलाच्या हळदीला. जेवताना कुणीतरी भाजीची तारीफ केली. पप्पा म्हणाले, "इथं बरं आहे. आमच्याकडे मीठ वरून घ्यावं लागतं आणि चव शेजारून मागवावी लागते." सगळे हसले. मावशी हसली, काका हसले, आईसुद्धा हसली. मीही हसले, जरा जास्तच, कारण पप्पा क्वचित विनोद करतात आणि त्या दिवशी ते खूश होते. परतताना रिक्षात पप्पांनी आईला विचारलं, "उद्या फर्स्ट शिफ्ट आहे. डब्याला काय देशील?"

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "सांग त्यांना, शेजारून मागवा."

मी पप्पांना म्हणाले, "आई दमलीये. सकाळी बघू."

मी हे असं करायचे. आई म्हणायची, "सांग त्यांना, त्या मोबाइलमध्ये तोंड घालून बसण्यापेक्षा पिंप भरा." मी सांगायचे, "पप्पा, पाणी आलंय." पप्पा म्हणायचे, "सांग तिला, माझं डोकं खाऊ नको." मी सांगायचे, "पप्पांचं डोकं दुखतंय." मूळ वाक्य दोघांनीही ऐकलेलं असायचं. माझं वाक्यही दोघं ऐकायचे. आणि वागायचे मात्र माझ्या वाक्याप्रमाणे. पप्पा उठून पिंप भरायचे. आई न बोलता बामची बाटली पलंगाच्या कडेला ठेवायची. मला वाटायचं, घर मीच चालवते आहे. मला याचा अभिमान होता. आज तो शब्द लिहितानाही लाज वाटते.

तिसऱ्या वर्षाला कॉलेजात तीन दिवसांचं एक शिबिर झालं. विषय होता भावना ओळखणं आणि संवाद. बाहेरून एक सर आले होते, कानाला माइक लावलेला, चालत चालत बोलायचे. त्यांनी पडद्यावर चेहऱ्यांचा एक तक्ता दाखवला. वीस-बावीस चेहरे, प्रत्येकाखाली भावनेचं नाव. म्हणाले, "आज सकाळी घरातून निघताना तुम्हाला काय वाटत होतं, एका शब्दात लिहा."

मी बराच वेळ तक्ता बघत बसले आणि लिहिलं, 'काही नाही'. खोटं नव्हतं ते. आमच्या घरात दोनच भावना होत्या. एक राग आणि दुसरी काही नाही. "काय झालं?" "काही नाही." यापलीकडे कुणी कुणाला काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

सर म्हणाले, "आज घरी जा, आईवडिलांसमोर बसा, डोळ्यांत बघा आणि म्हणा, मला असं असं वाटतंय."

मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "सर, ऐसा बोलेंगे तो चप्पल मिलेगी."

"चप्पल भी एक कम्युनिकेशन है," सर म्हणाले. वर्ग हसला.

माझ्या शेजारची मैत्रीण पुटपुटली, "मी आईच्या डोळ्यांत बघितलं ना, तर ती आधी विचारेल, किती पैसे हवेत?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्याकडून एक नाटुकलं करून घेतलं. दोन मुलं भांडलेले दुकानदार भागीदार, आणि मी मध्यस्थ. एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, "गाढवा, तुझ्यामुळे धंदा बसला." मी दुसऱ्याला म्हणाले, "त्याचं म्हणणं आहे की निर्णय घेताना त्यालाही विचारायला हवं होतं." दुसरा म्हणाला, "ह्याला विचारून काय उपयोग, अक्कल आहे का ह्याला?" मी पहिल्याला म्हणाले, "तुझ्याकडे वेळ नव्हता असं त्याला वाटलं." सरांनी टाळ्या वाजवल्या. "बघा, हिला शिकवायची गरजच नाही. ही जन्मतःच हे घेऊन आलीये." शेवटच्या दिवशी मला स्टेजवर बोलावून प्रमाणपत्र दिलं. माझ्या घरात पहिलं प्रमाणपत्र होतं ते, ज्यावर मार्क नव्हते.

त्या सरांवर मी नंतर खूप चिडले. विचार केला तर त्यांची चूक नव्हती. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला नाही. गाढव कुठे गेलं? अक्कल कुठे गेली? मी जे गाळलं त्याचं काय झालं?

त्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळचे पाच-साडेपाच वाजले असतील. पप्पा शिफ्टवरून येऊन, अंघोळ करून पलंगावर बसले होते. मी ओट्यापाशी चहा गाळत होते. आई सतरंजीवर धागे कापत होती. ती मान वर न करता, कात्री चालवता चालवता म्हणाली,

"सांग तुझ्या पप्पांना, दोन महिने झाले. अंगावरून जायचं थांबतच नाहीये. रक्ताच्या गाठी पडतात. दवाखान्याचं कार्ड हवंय, आणि उद्याच्या उद्या जायचंय. आणि हेही सांग, मी मेले की दुसरी आणा, चवीची."

पप्पांच्या कंपनीतून घरच्या सगळ्यांना कामगारांच्या दवाखान्यात उपचार मिळतात. त्याचं कार्ड पप्पांच्या पाकिटात असतं. पाकीट पप्पांच्या खिशात. म्हणजे मागायला लागणार होतं.

माझ्या हातात गाळणी तशीच राहिली. 'रक्त' हा शब्द मी पप्पांसमोर कधी उच्चारला नव्हता. आमच्या घरात पॅडचं पाकीट पिठाच्या डब्यामागे असतं आणि पप्पा घरात असले तर मी ते ओढणीखाली लपवून मोरीत नेते. पप्पांसमोर आईचं हे मी कसं म्हणू? आणि शेवटचं ते चवीचं, ते तर सांगायचा प्रश्नच नव्हता. मी चहाचा कप पप्पांच्या हातात दिला आणि म्हणाले,

"पप्पा, आईला जरा अशक्तपणा आलाय. जमलं तर कार्ड लागेल."

पप्पा चहा फुंकत म्हणाले, "बघू. रविवारी."

आई कात्री चालवतच होती.

रविवारी दवाखान्यात नेहमीची तपासणी बंद असते, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. रविवारी सकाळी आम्ही विहारात वंदनेला गेलो. आई खांबाला टेकून बसली होती, एरवी ती कधी टेकत नाही. दुपारी पप्पा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून टॉनिकची एक बाटली घेऊन आले. ओट्यावर ठेवली आणि मला म्हणाले, "सांग तिला, जेवल्यावर दोन चमचे. अशक्तपणावर चांगलं आहे."

मी सांगितलं. आणि आई ती बाटली प्यायली! रोज, जेवल्यावर, दोन चमचे. तिला माहीत होतं तिला काय झालंय. मलाही माहीत होतं. मी रोज तिला लाल रंगाचं ते गोड पाणी चमच्यात ओतताना बघत होते आणि अभ्यासाला बसत होते, कारण परीक्षा आली होती. एकदा ती म्हणाली, "कार्डाचं विचारलंस का परत?" मी म्हणाले, "विचारते. पेपर झाले की मीच नेते तुला." ती म्हणाली, "बरं." असे सात आठवडे गेले.

शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी मी कॉलेजच्या लायब्ररीत होते. शेजारच्या काकूंचा फोन आला. "अगं, तुझी आई पडली. टेम्पोवाला गठ्ठे न्यायला आला होता, ती उचलायला गेली नि तशीच खाली. सगळी साडी भिजलीये रक्ताने. आम्ही रिक्षात घालून दवाखान्यात आणलंय. तू पप्पांना घेऊन ये, कार्ड मागतायत इथं."

पप्पांचा फोन कामाच्या वेळी लॉकरमध्ये असतो. मी कंपनीच्या गेटवर फोन लावला, वॉचमनला सांगितलं. त्याला मी स्पष्ट सांगितलं, "माझ्या आईला रक्तस्राव झालाय, बेशुद्ध आहे." अनोळखी वॉचमनला हे वाक्य मी एका दमात सांगितलं. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की हे मला येत होतं.

दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या, चाळिशीच्या. आईला रक्ताची पिशवी लावलेली होती. पप्पा कंपनीच्या कपड्यांतच आले होते. डॉक्टर म्हणाल्या, "अंगात रक्त म्हणून राहिलेलं नाही हिच्या. गर्भाशयात गाठी आहेत. हे काय काल सुरू झालंय का? इतके दिवस काय करत होतात?"

पप्पा म्हणाले, "मॅडम, मला तर अशक्तपणा सांगितला होता."

"कुणी?"

पप्पांनी माझ्याकडे बोट केलं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या खांद्याला कॉलेजची बॅग होती, गळ्यात आयकार्ड होतं. त्या म्हणाल्या, "शिकलेली आहेस ना तू?"

मी आयकार्ड मुठीत झाकलं. वॉर्डाबाहेर आल्यावर मात्र मी पप्पांसमोर उभी राहिले.

"पप्पा, आई बोलली तेव्हा तुम्ही पलंगावर होता. तिने काय सांगितलं ते तुम्ही ऐकलं नव्हतं?"

पप्पा शर्टाची बटणं चाचपू लागले.

"ती म्हणाली होती, दोन महिने रक्त जातंय. म्हणाली होती, गाठी पडतात. उद्याच्या उद्या जायचंय म्हणाली होती. मी मेले की दुसरी आणा, हेही म्हणाली होती. ऐकलं होतं की नाही?"

"हळू बोल. लोक बघतायत."

"ऐकलं होतं का?"

पप्पा खाली बघत म्हणाले, "माझ्याशी कुठं बोलली ती?"

एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. मी त्यांना ढकललं असतं की काय, मला माहीत नाही. त्यांनी ऐकलं होतं! सगळं, शब्द न् शब्द. आणि ते सात आठवडे बाजूला ठेवलं, कारण ते त्यांच्याशी बोललेलं नव्हतं. कारण नियम तसा होता. कारण मुलीने अशक्तपणा सांगितला होता आणि अशक्तपणा सोपा होता, कोपऱ्यावर त्याची बाटली मिळत होती.

मी आत गेले. आईचे ओठ पांढरे पडले होते. आजारी माणसावर ओरडू नये हे मला कळतं. मी ओरडले नाही, पण विचारलंच.

"मी पप्पांना अशक्तपणा म्हणाले, ते तू ऐकलं होतंस ना?"

"हो."

"मग बोलली का नाहीस? मी चुकीचं सांगतेय, हे तुला कळत होतं."

आई म्हणाली, "तुमचं दोघांचं बोलणं चाललं होतं. मी कशाला मधे पडू?"

आमचं दोघांचं! मी हा प्रसंग पुन्हा पुन्हा मनात उभा करून पाहिला आहे. खोलीत तीन माणसं होती. तिघांनाही सगळं ठाऊक होतं. कुणालाही कुणापासून काहीच लपलेलं नव्हतं. आणि तरीही एक बाई सात आठवडे रक्त सांडत टॉनिक प्यायली. यात दोष कुणाचा, असा मी हिशोब मांडायला बसते, आणि दर वेळी माझ्या वाट्याला पप्पांपेक्षा जास्त येतो. ते दोघं एकमेकांवर चिडून गप्प होते. मी कुणावर चिडले होते? मी तर फक्त सगळं गोड करत होते. कडू वाक्यातला कडूपणा काढून टाकला की त्यातलं रक्तही निघून जातं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि लहान मुलीच्या हातात हे काम कुणी दिलं होतं? त्यांनीच. दोघांनी मिळून. त्या एका गोष्टीवर त्यांचं न बोलता एकमत होतं.

माझा शेवटचा पेपर मी दिला. कसा दिला ते आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भेटीच्या वेळेत डॉक्टर येऊन म्हणाल्या, "रक्त भरून झालंय. उद्या सकाळी गर्भाशय काढायचं. पुन्हा असं झालं तर मी हमी देऊ शकत नाही. विचार करा आणि सह्या करून ठेवा. पेशंटची सही आधी." कागद खाटेवर ठेवून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

आई उशीला टेकून बसली होती. पप्पा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. मी मधे, स्टुलावर.

आई म्हणाली, "सांग तुझ्या पप्पांना, मला नाही करायचं ऑपरेशन."

पप्पा म्हणाले, "सांग तिला, गपचूप सही कर म्हणावं."

दोघंही माझ्याकडे बघत होते. आणि माझ्या डोक्यात वाक्यं तयार होऊ लागली, आपोआप. 'पप्पा, आईला थोडा वेळ हवाय.' 'आई, पप्पांना तुझी काळजी वाटते.' दोन्ही वाक्यं चांगली होती. त्यांनी कदाचित काम झालंही असतं. मी स्टूल मागे सरकवून उठले.

"मी नाही सांगणार."

"अगं..." आई म्हणाली.

"नाही. काही नाही सांगणार. ह्यांना तोंड आहे, तुला तोंड आहे. चार फुटांवर आहात. मी पोस्टमन नाही. मी पोचवलेल्या एका निरोपाने तू इथं आलीस. आता मेलीस तरी मी नाही सांगणार."

हे मी म्हणाले. 'मेलीस तरी' असं, आजारी आईला, भरल्या वॉर्डात. शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. मी खिडकीपाशी जाऊन त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. खाली गेटपाशी नारळवाला नारळ सोलत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. मागे काहीच आवाज नव्हता. मला वाटलं, आता पप्पा निघून जातील. मला वाटलं, सही होणार नाही, आणि त्याचंही कारण मीच असेन. वळावं, माफी मागावी आणि ती दोन चांगली वाक्यं बोलून टाकावी, असं दहादा मनात आलं.

मग पप्पांचा आवाज आला. मशीनवर काम करून त्यांचा आवाज मोठाच झाला आहे, हळू बोलायला गेलं की घोगरा येतो.

"का नाही करायचं?"

आईची खाट करकरली.

"तुला विचारतोय. का नाही करायचं?"

"भीती वाटते." आईने हे शिवी दिल्यासारखं म्हटलं. "कळलं? भूल दिली आणि जागच आली नाही तर?"

"भीती कसली त्यात? आमच्या डिपार्टमेंटमधल्या एकाच्या बायकोचं झालं, पंधरा दिवसांत भाकऱ्या थापायला लागली."

"भाकऱ्यांचीच काळजी तुम्हाला!"

"अगं, भाकऱ्यांचं नाही म्हणत..."

"मग कशाचं म्हणता? बोला की. दीड वर्ष झालं."

"तू बोलायची बंद झालीस, मी नाही."

"चारचौघांत माझी लाज काढली ती कुणी?"

"मस्करी होती ती!"

"तुम्हाला मस्करी. मला घरी येऊन तेच जेवण रांधायचं होतं."

म्हातारी म्हणाली, "अहो, हळू. भांडा पण हळू भांडा." कुणीतरी हसलं.

मी वळले नाही. पप्पांचं ते भाकऱ्यांचं वाक्य इतकं वाईट होतं की माझी जीभ शिवशिवत होती. मी तोंड दाबून उभी राहिले.

मग पप्पा म्हणाले, "सुपरवायझर मशीनपाशी आला, म्हणाला, घरून फोन आहे, मिसेस सीरियस. मी गेटपर्यंत पळत आलो. मला वाटलं..."

आईने विचारलं, "काय वाटलं?"

"संपलं, असं वाटलं. आणि मला माहीत होतं. तू सांगितलं होतंस ते मला माहीत होतं."

मी वळून पाहिलं. आई पप्पांकडे सरळ बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर माफी वगैरे काही नव्हतं. मग तिने तो कागद उचलला, वाचल्यासारखं केलं आणि म्हणाली, "पेन द्या."

पप्पांनी शर्टाचा खिसा चाचपला, पँटचा चाचपला. पेन नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या बॅगेत दोन पेनं होती. मी जागची हलले नाही. कोतेपणा होता, मला माहीत आहे. पप्पा शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या मुलाकडे गेले, पेन मागून आणलं आणि आईच्या हातात दिलं. आईने सही केली. तिची सही लांबलचक आहे, सगळं नाव लिहिते ती.

मी मोबाइलवर वेळ पाहिली. हे सगळं बोलायला त्यांना दहा मिनिटंही लागली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका राग आला की मी जिन्यात जाऊन रडले. दहा मिनिटं! त्यासाठी दीड वर्ष, सात आठवडे आणि रक्ताच्या तीन पिशव्या.

ऑपरेशन नीट झालं. आई घरी आली. आता ते दोघं बोलतात, म्हणजे बहुतेक भांडतात. शेजारच्या काकू म्हणतात, "पूर्वी तुमच्याकडे किती शांतता होती." कधी एखादं वाक्य अर्ध्यावर अडलं की दोघंही सवयीने माझ्याकडे बघतात. मी ताटात बघते.

माझा राग मात्र गेला नव्हता. महिना झाला तरी तो होता, आणि मी "काय झालं?" ला "काही नाही" म्हणत होते. मग एके दिवशी दुपारी, पप्पांना सुट्टी होती, मी दोघांसमोर बसले. डोळ्यांत वगैरे बघितलं नाही. सतरंजीकडे बघून म्हणाले, "मला तुमच्या दोघांचा राग आलाय."

"अजून?" पप्पा म्हणाले.

"अजून."

आईने हातातली पँट बाजूला ठेवली. "बरं. मग बोल."

मला बोलताच येईना. दुसऱ्यांची वाक्यं मी आयुष्यभर घासूनपुसून दिली, स्वतःचं एकही तयार नव्हतं. जे आलं ते तसंच आलं, वेडंवाकडं, रडत, मोठ्याने. मी म्हणाले की तुम्ही मला कधी लहान राहूच दिलं नाही. म्हणाले की शाळेतून घरी येताना मी गल्लीच्या तोंडाशी थांबायचे, आज कुणाचं काय सांगावं लागेल म्हणून. म्हणाले की तुम्हाला मूल नकोच होतं, मधे ठेवायला कुणीतरी हवं होतं. पप्पा दोनदा उठले आणि दोनदा परत बसले.

शेवटचं वाक्य ऐकून आई म्हणाली, "हे खोटं आहे."

ते अन्यायाचं होतं, मला बोलतानाच कळलं होतं. पण मी ते मागे घेतलं नाही आणि मऊही केलं नाही. म्हणाले, "मग खरं काय ते तू सांग."

आणि आई सांगायला लागली.